हळू वाजवल्यावर कळतं

बाबा,

उद्या सकाळी आठ वाजता टेम्पो येणार आहे आणि त्याच्या आत मला यांच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि आता डोक्यावर काम असताना लिहायला बसले आहे. शाळेत एखादी मुलगी गणित सोडवायचं सोडून वहीला समास आखत बसली की मी तिला रागावते, तसंच हे झालं. तर प्रश्न असा. यांची बदली परतवाड्याला झाली आहे. नोकरीची शेवटची तीन वर्षं उरलीत, ती तिथे काढायची. तीन आठवड्यांपूर्वी जेवताना यांनी विचारलं, "तू येशील, की इथंच राहशील?" अजून भाजी वाढू का, असं विचारावं तितक्या साध्या आवाजात. आणि मी घास गिळायच्या आत तेच पुढे म्हणाले, "तुझी शाळा आहे म्हणा इथं." म्हणजे प्रश्नही त्यांनीच दिला आणि पळवाटही त्यांनीच दिली. बाहेरच्या माणसाला यात काही दिसायचं नाही. नोकरीपायी नवरा एका गावी आणि बायको दुसऱ्या गावी, अशी घरं अकोल्यात गल्लोगल्ली आहेत. पण आम्हा दोघांना ठाऊक आहे की मी इथे राहिले तर ते आधी दर शनिवारी येतील, मग एखाद्या शनिवारी, मग दिवाळीला. भांडण होणार नाही, कागद होणार नाही, कोणाला काही सांगावंही लागणार नाही. अठ्ठावीस वर्षांचा संसार असा आवाज न करता संपेल. त्यांनी मला विचारलं ते हेच, आणि मी त्या दिवशी म्हटलं, "बघू."

तेव्हापासून तुमचं गाणं डोक्यातून जात नाही. अमरावतीत इतवाऱ्याकडे जाणाऱ्या गल्लीतलं आपलं घर, पुढची खोली दुकानाची आणि मागच्या दोन खोल्या आपल्या. दुकानात भिंतीला लावून ठेवलेल्या, दुरुस्तीला आलेल्या हार्मोनियमच्या पेट्या, कोणाचा भाता फाटलेला, कोणाच्या पट्ट्या दबलेल्या. चामड्याचा आणि सरसाचा वास माझ्या दप्तरालासुद्धा यायचा आणि वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या. दर्यापूरकडच्या एका भजनी मंडळाची माणसं तुमच्याकडून पेटी न्यायला आलेली मला अजून दिसतात. पाच-सहा जण, पायात वहाणा, डोक्याला दुपट्टे बांधलेले. त्यांचा पेटीवाला बसतो, खणखणीत भाता मारतो, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाजवतो आणि म्हणतो, "वा, झाली का नाही मस्त!" तुम्ही त्याला उठवता. "जोरात तं कोनतीबी पेटी वाजते गा," तुम्ही म्हणता, "हवा मारत राह्यलं का फुटका भाताबी बोलते. हळू वाजवून पाह्य. हळू वाजवल्यावर कयते कुठून हवा जाऊन राह्यली ते." मग तुम्ही स्वतः बसता आणि तेच गाणं वाजवता, जे प्रत्येक पेटी देताना वाजवायचात. इतकं हळू की भाता हलतो आहे हेही दिसायचं नाही. एकेक सूर लांब धरलेला. आणि गुणगुणायचात,

तोच कप अन् तीच साखर, तोच सकाळचा चहा,
या हातातून त्या हातात काही येईना, पहा.

दोनच ओळी. पुढे काही नाही, परत तेच. मधेच सूर बसला की तुम्ही थांबायचात, देवापुढची उदबत्ती आणून भात्याच्या कडेकडेने फिरवायचात आणि धूर कुठे थरथरतो ते बघायचात. धूर थरथरला की "सापडलं" म्हणायचात. तुमच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी दुसऱ्या कशानेही आलेला पाहिला नाही.

हे गाणं कोणाचं, असं त्या काळी कोणाला वाटलं नाही. मला मात्र नववी-दहावीत कळल्यासारखं झालं. आई तुम्हाला चहा आणून द्यायची तेव्हा कप पेटीच्या बाजूला ठेवायची आणि वळायची. तुमच्याकडे बघायची नाही. तुम्हीही बघायचा नाहीत. घरात कधी आवाज चढला नाही, कधी कोणी उपाशी निजलं नाही, पण दोघं एकमेकांशी बोलायचात ते तेल संपलं, पोरीची फी भरायची आहे, उद्या बडनेऱ्याला जायचं आहे, एवढंच. मी माझ्या मनाशी निकाल लावून टाकला. आमचे बाबा हळवे, कलावंत. आमची आई कोरडी. हे गाणं आईवर आहे. एका दुपारी आई दाराशी भांडी घासत होती आणि मी मुद्दाम तिला ऐकू जाईल असं तुम्हाला विचारलं, "बाबा, हे गानं कोनावर हाय?" आईचा हात थांबला. राखेची मूठ तशीच भांड्यावर. तुम्ही वर न बघता म्हणालात, "पेटीवर हाय. अन् पेटी वाजत असताना मधात बोलाचं नसते, किती खेपा सांगतलं?" तुम्ही मला कधी रागवायचा नाहीत, म्हणून ते बोलणं माझ्या फार जिव्हारी लागलं. मी रडले आणि त्याचाही राग आईवर काढला. संध्याकाळी तिने वाढलेलं ताट बाजूला सारलं. तिने ते ताट उचलून झाकून ठेवलं.

लग्नात तुम्ही मला पेटी दिलीत. दुसऱ्या कोणाच्या बापाने कपाट दिलं असतं. चार मोडक्या पेट्यांमधलं चांगलं चांगलं काढून तुम्ही ती बांधली होती, एका पेटीच्या पट्ट्या, दुसरीचे सूर, भाता नवा. "वाजव नको वाजवू, पन बंद नको ठेवू. बंद ठेवली का भाता वायते," असं म्हणाला होतात, म्हणजे चामडं वाळून तडकतं. निघताना मी तुमच्या गळ्यात पडून रडले आणि आईच्या नुसत्या पाया पडले. सहा वर्षांनी तुम्ही गेलात. तेराव्याला पाहुणे जेवून गेल्यावर आई चुलीपाशी एकटी बसली होती, आणि मी, तीस-बत्तीस वर्षांची, एका पोराची आई झालेली बाई, तिला म्हणाले, "माह्या बापाले तुनं कधी हासून चहा नाही देल्ला." बाबा, त्या वेळी तिने मला एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता पदर सारखा केला आणि उरलेल्या पुऱ्या कोणाकोणाला द्यायच्या ते विचारलं.

आता माझ्या घराचं सांगते. यांच्यात खोट काढायला जागा नाही, हे आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला चिंता नको. थंडीत माझ्या आधी उठून गिझर लावतात. माझ्या स्कूटीत हवा आहे की नाही ते बघतात. मी त्यांचा डबा कधी चुकवला नाही. सुरुवातीची वर्षं तर किती गोडीची होती. एकदा रात्रीची शेवटची एसटी चुकली म्हणून मूर्तिजापूरच्या स्टँडवर एका शालीत बसून आम्ही सकाळपर्यंत हसत होतो. मग सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळल्या, मग गोरक्षण रोडवरचं घर बांधलं, मग पोराची दहावी, बारावी, त्याचं कॉलेज. घरात सतत काहीतरी सुरू. औषधं, सिमेंट, क्लासच्या वेळा. आम्ही दोघं एकमेकांना दिवसभर हाका मारत होतो आणि मला वाटायचं, किती छान चाललंय आपलं. मग पोरगा हैदराबादला नोकरीला गेला. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं संध्याकाळी समोरासमोर बसलो आणि चहा पिऊन झाल्यावर बोलायला काही उरलं नाही. मी म्हटलं, नवीन नवीन आहे, होईल सवय. सवय झाली, हेच वाईट झालं. आता त्याला चार वर्षं झाली आहेत. कधी कधी ते बाहेरून येतात, गेट वाजतं, आणि मला त्यांच्या येण्याने बरं वाटत नाही की वाईट वाटत नाही. गेट वाजलं एवढंच कळतं.

मागच्या रविवारी हे सामान काढत होते. माळ्यावरून त्यांनी तुमची पेटी खाली आणली. किती वर्षं ती तिथे होती हे मला सांगवत नाही. धूळ पुसून त्यांनी ती हॉलमध्ये सतरंजीवर ठेवली आणि म्हणाले, "वाजवून तर पाह्य, हाय का जीव." मी जोरात भाता मारून काहीतरी वाजवलं. वाजली. हे खूश झाले, "वाजते की अजून!" आणि मग माझी बोटं आपोआप तुमच्या गाण्यावर गेली. हळू. दुसऱ्या ओळीला येईपर्यंत सूर बसला. परत वाजवलं, परत तिथेच बसला. मी काही बोलायच्या आत हे उठले, देवघरात गेले आणि उदबत्ती लावून घेऊन आले. मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांना एकदा सांगितलं होतं की माझे बाबा असं करायचे. एकदाच. अठ्ठावीस वर्षं त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. माझ्यापुढे गुडघे टेकून, चष्मा कपाळावर सारून, हा पंचावन्न वर्षांचा माणूस भात्याच्या कडेने उदबत्ती फिरवत होता. मागच्या कोपऱ्याशी धूर थरथरला. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "सापडलं."

बाबा, मी वाट बघितली. खरंच बघितली. मला वाटलं, आता तरी आत काही हलेल, निदान डोळ्यांत पाणी येईल. एवढं करणाऱ्या माणसाच्या केसांवरून हात फिरवावा हे मला डोक्याने कळत होतं. पण हात पेटीवरून उठेना. मी म्हटलं, "राख सांडते आहे सतरंजीवर." त्यांच्या तोंडावरचं हसू जायला जरा वेळ लागला. उदबत्ती विझवून ते खाली बघत म्हणाले, "तू येऊन नाही राह्यली, ना?" या वेळी शाळेचं नाव काढलं नाही. मी परत म्हटलं, "बघू."

मग काल शनिवारी सकाळच्या गाडीने मी अमरावतीला गेले. शाळेतून सुट्टी काढली, यांना सांगितलं की आईला बघून येते. दोन्हीकडे पऱ्हाटी फुटलेली, बाया ओटीत कापूस वेचत होत्या, आणि मी मनात ठरवत होते की आईला त्या गाण्याबद्दल विचारायचं. दुकानाच्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात. आई मागच्या खोल्यांत एकटीच राहते, चालताना भिंतीला हात लावते, पण तिखट आहे. दारातच म्हणाली, "काऊन वं, एकटीच आली? जावई नाही आले?"

"त्यायचं सामान बांधनं सुरू हाय."

"अन् तुह्यं?"

मी चपला काढण्यात वेळ घालवला. तिने चहा ठेवला. मी म्हटलं, "आई, बाबा पेटीवर ते गानं म्हनत, कप अन् साखरेचं. ते कोनावर होतं?"

ती हसली. मला तिचं ते हसणं फार लागलं, कारण त्यात राग नव्हता. "कोनावर म्हंजे? ते माह्यंच बोलनं हाय." आणि गॅस बारीक करून ती सांगायला लागली. "तू चार वर्साची होती. सकायी चहा देल्ला मी त्यायले, अन् म्हटलं, तोच कप हाय, साखरबी तेवढीच हाय, पन तुमच्या हातून माह्या हातात काई येऊन नाही राह्यलं आता. असं म्हटलं. लई दिस मनात होतं माह्या."

"मंग?"

"मंग काय. त्यायनं कप ठेवला अन् दुकानात गेले. चार दिसांनी पेटीवर ऐकलं म्या. माह्येच बोल, नीट बसवलेले. गल्लीतले लोक म्हने, काय गोड गानं हाय. म्या वाट पाह्यली, आज बोलतीन, उद्या बोलतीन. मानूस चांगला होता बाई, कधी वाकडं नाही बोलला. पन म्या जवाब मांगतला होता, त्यायनं चाल देल्ली."

चहा उतू गेला तो तिनेच पुसला. मी बसूनच होते. मी उभ्या जन्मात जे गाणं तुमचं दुःख म्हणून जपलं, ते तिचं होतं. ती भांडी घासत असताना, वाढत असताना, माझ्या केसांना तेल लावत असताना, तिचंच बोलणं पुढच्या खोलीतून रोज तिला ऐकू यायचं, आणि वरून मी तिलाच विचारायची की तू कोरडी का. मी कसंबसं म्हटलं, "तेराव्याले म्या तुले बोलली होती..." मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे. ती म्हणाली, "हो. बोलली होती तू." आणि चहा गाळून कप माझ्या हातात दिला. मी कप दोन्ही हातांनी घेतला आणि तिचा हातही त्यातच आला. थोडा वेळ आम्ही दोघींनी तो कप तसाच धरून ठेवला.

मग ती म्हणाली, "जावयांनी इचारलं ना तुले? तं तू काय म्हटलं?"

"म्हटलं, पाहू."

"म्हंजे बापावरच गेली तू," आई म्हणाली.

मी तुमच्यावर रागावून हे लिहायला बसले होते. हे खरं आहे, आता लपवत नाही. येताना गाडीत सगळा वेळ मी तुमच्याशी भांडत होते की एक वाक्य बोलायला तुमचं काय जात होतं. तिला म्हणायचं, होय, माझ्याही हाताला काही लागत नाही आता. किंवा म्हणायचं, नाही, तुला चुकीचं वाटतंय. काहीही. पेटीतली हवा कुठून जाते ते शोधायला उदबत्ती आणणारे तुम्ही, समोरची बाई आपल्यातली हवा कुठून जाते आहे हे सांगत होती तर तिथे बघितलंसुद्धा नाहीत. पण लिहिता लिहिता राग गेला. कारण कागदावर बघते तर काय, तुम्ही चाल बांधली आणि मी पत्र लिहिते आहे. आता दुपारचे चार वाजलेत. हे पलीकडच्या खोलीत खोक्यांना टेप लावत आहेत, टेप ओढल्याचा आवाज इथपर्यंत येतो. मला प्रश्न विचारणारा माणूस तिथे बसला आहे आणि मी इथे बसून ज्याने विचारलंच नाही त्याला उत्तर लिहिते आहे.

एक सांगायचं राहिलं. मी काल अमरावतीला गेले तेव्हा मागे यांनी आपल्या जुन्या पाकिटाचं चामडं कापून भात्याच्या त्या कोपऱ्याला चिकटवलं. संध्याकाळी मी आले तर पेटी हॉलमध्ये तशीच मांडून ठेवलेली. म्हणाले, "वाळू दिलंय. उद्या वाजवून पाह्य." सकाळपासून मी तिच्या बाजूने तीन वेळा गेले. वाजवली नाही. भाता आता हवा धरेल, अशी मला भीती वाटते.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. तुमचा पत्ता मला ठाऊक असता तरी टाकलं नसतं. आत्ता टेपचा आवाज थांबला. ते स्वयंपाकघरात गेले असावेत, भांडं वाजलं. आज चहा त्यांनी ठेवलाय. दोन कप घेऊन ते इथे येतील, आणि कप हातात घ्यायच्या आधी मला बोलायचं आहे, कारण घेतल्यावर मी परत "बघू" म्हणेन. बाबा, मला उत्तर पहिल्याच दिवशी जेवतानाच माहीत होतं. मी जाणार नाही. शाळेमुळे नाही. त्यांच्यासाठी माझ्या आत आता काही उरलेलं नाही, आणि त्यांच्या आत अजून आहे हे मला त्या उदबत्तीच्या दिवशी कळलं. हे आधी त्यांना सांगायला हवं होतं, आणि मी तुम्हाला सांगून बसले.